फोटोतलं ते रंगीत कुंड आणि आपली आरटी-पीसीआर टेस्ट: काय आहे कनेक्शन?

मधोमध गडद निळं पाणी आणि भोवती हिरवी, पिवळी, नारिंगी, तांबडी वलयं. हा फोटो तुमच्या फीडमध्ये कधीतरी आलाच असेल. खाली ‘एडिट केलंय’ अशी कमेंटही असते. पण हे रंग खरे आहेत. त्यातले बरेचसे तर चक्क जिवंत आहेत!

हे कुंड आहे कुठे?

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये. नाव ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंग. रुंदी सुमारे १०० मीटर, खोली ३६ मीटरहून जास्त. जमिनीखालच्या ज्वालामुखीच्या उष्णतेने तापलेलं पाणी इथे सतत वर येतं. त्याचं तापमान साधारण ७० अंश सेल्सिअस असतं. त्यामुळे वज्रेश्वरीच्या कुंडासारखं यात उतरता येत नाही.

रंग येतात कुठून?

मधलं पाणी खोल आणि स्वच्छ असल्याने निळं दिसतं. काठाकडे ते पसरून थंड होत जातं. तिथे सूक्ष्मजीवांचा थर जमतो, दुधावर साय धरावी तसा. कोणत्या तापमानाला कोणते सूक्ष्मजीव जगतात, त्यावर वलयाचा रंग ठरतो. गाजराला रंग देणारी कॅरोटिनॉइड्स त्यांच्यातही असतात आणि कडक उन्हापासून त्यांचं रक्षण करतात. म्हणून उन्हाळ्यात नारिंगी-तांबडा रंग खुलतो, तर हिवाळ्यात हिरवा गडद होतो.

मग टेस्टचा काय संबंध?

१९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी याच पार्कमधल्या दुसऱ्या एका झऱ्यातून एक जिवाणू मिळवला. नाव थर्मस अॅक्वाटिकस. इतक्या उष्णतेत काय जगतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

पीसीआर तंत्रात डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या असतात. त्यासाठी तो दर फेरीत साधारण ९५ अंशांपर्यंत तापवावा लागतो. साध्या एन्झाइमचा त्यात निकाल लागायचा आणि प्रत्येक फेरीत ते नव्याने घालावं लागायचं. या जिवाणूचं ‘टॅक’ एन्झाइम मात्र टिकलं आणि पीसीआर झटपट होऊ लागलं. कोविडच्या काळात नाकात काडी घालून घेतलेला नमुना याच तंत्राने तपासला जात होता.

एक पाऊलही महागात

हा थर इतका नाजूक आहे, की त्यावर पडलेल्या पावलांचे ठसे लवकर बुजत नाहीत. शिवाय झऱ्यांभोवतीच्या जमिनीचा वरचा कवच पातळ असतो, तो फुटला तर खाली उकळतं पाणी. तिथे भाजून माणसं दगावलीही आहेत.

तरीही २०१६ मध्ये काही तरुण व्हिडिओसाठी लाकडी वाट सोडून या कुंडाच्या थरावर चालत गेले. त्यातल्या काहींना पुढे तुरुंगात जावं लागलं. पार्कमध्ये ड्रोन उडवायलाही बंदी आहे.

वरून फोटो हवाच असेल, तर शेजारच्या टेकडीवर पार्कनेच जागा करून दिली आहे. तिथून अख्खं कुंड फ्रेममध्ये येतं.