कोरडवाहू चवीचं नगर

२६ जानेवारी शुक्रवारी किंवा सोमवारी आला, की नगरच्या बाह्यवळण रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. कुणी शिर्डीला निघालेलं असतं, कुणी शनिशिंगणापूरला, कुणी पुढे वेरूळला. यातल्या बहुतेकांना नगर ठाऊक असतं ते महामार्गावरच्या ढाब्यापुरतं. पनीरची भाजी, तंदुरी रोटी, ग्लासभर ताक आणि पुन्हा गाडी सुरू. शहर डाव्या-उजव्या हाताला राहून जातं, आणि त्याबरोबर एक अस्सल, रांगडी, पाचशे वर्षांच्या बाजारपेठेत मुरलेली चवही.

जोडून आलेल्या सुटीचे तीन दिवस हाताशी असलेल्या नवरा-बायकोनं म्हणूनच गाडी बाह्यवळणावरून आत वळवावी, मुक्काम शहरात करावा आणि पायी फिरून खावं. नगर पोटभर एका ठिकाणी जेवण्याचं गाव नाही. एका गल्लीत चहा, दुसऱ्या गल्लीत भाकरी, तिसऱ्या चौकात मिठाई, असं ते थोडं थोडं खात समजून घ्यायचं. २०२४ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात आहे. पाट्यांवर नवं नाव आलं, तरी पत्ता विचारला की माणसं अजून सवयीनं 'नगर'च म्हणतात.

सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून करायला हरकत नाही. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावं आणि प्रवेशाची चौकशी आधी करावी. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीतल्या बारा नेत्यांना इंग्रजांनी इथे आणून ठेवलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं, हे शाळकरी मुलंही सांगतात. मौलाना आझादांचं 'गुबार-ए-खातिर' हे पत्ररूप पुस्तकही याच भिंतींआड लिहून झालं, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. खाण्यापिण्याची आवड असणाऱ्या जोडप्यानं या किल्ल्यात आठवावेत ते आझाद. पहाटे सगळे झोपेत असताना ते उठत आणि स्वतःच्या हातानं चहा करून घेत. चहा चिनी, चमेलीचा, दूध न घालता. त्या चहावर त्यांनी एक अख्खं पत्र लिहिलंय. दूध ओतून उकळलेल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते.

किल्ल्यातून बाहेर पडून टपरीवर पहिला घोट घेतला, की आझादांचं गाऱ्हाणं काय होतं ते कळतं आणि ते पटत नाही. आलं ठेचून टाकलेला, दुधानं दाट झालेला, पातेल्यात तीनदा वर येऊन खाली बसलेला हा चहा. नगर जिल्हा राज्यातल्या आघाडीच्या दूध उत्पादक जिल्ह्यांपैकी एक. इथे दुधाला हात आखडता घेण्याचं कारण नाही.

पण जिल्ह्याची खरी ओळख दुधाआधी पावसाशी आहे, किंवा पाऊस नसण्याशी. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा हा जिल्हा, चौदा तालुक्यांचा, १७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेला. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डोंगरांत धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येईतो थकतो. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर हे सगळे पर्जन्यछायेतले तालुके. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहानं सीना नदीकाठी हे शहर वसवलं. पुढे निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी, भिंगार अशा आसपासच्या गावांतून खापरी नळांनी शहरात पाणी खेळवलं गेलं, हौद भरले, बागा फुलल्या. शहराची अशी सोय झाली, शेतं मात्र आभाळाकडे बघत राहिली. त्या शेतांनी जे दिलं तेच नगरच्या ताटात आलं. रब्बीची ज्वारी, बाजरी, हुलगे, तूर, मटकी, तीळ, कारळं. इथल्या चवीला जो एक खडा, भाजका, कोरडा बाज आहे, तो या कोरडवाहू मातीतून आलेला आहे.

ते सगळं एका जागी बघायचं तर जुन्या बाजारात जावं. माळीवाड्यात विशाल गणपती, नगरचं ग्रामदैवत. दर्शन घेऊन पायी निघालं की कापड बाजार, तेलीखुंट, दाळमंडई, आडते बाजार अशा एकातून एक उगवणाऱ्या पेठा लागतात. दाळमंडईत पोत्यांची तोंडं दुमडून ठेवलेली असतात. पिवळी तूरडाळ, मटकी, तपकिरी चपटे हुलगे. गिऱ्हाईक मूठभर धान्य उचलतं, तळहातावर पसरतं, एक दाणा दाताखाली फोडून बघतं आणि मगच भाव विचारतं. मसाल्याच्या दुकानांत दगडफूल, जावित्री, तमालपत्र, मिरची आणि सुकं खोबरं शेजारीशेजारी. काळ्या मसाल्याचा सगळा ऐवज इथे एका खरेदीत जमतो. दुपारी पानात काय पडणार आहे, हे सकाळीच नाकाला कळलेलं असतं.

मग खानावळ. जुन्या पेठांच्या अवतीभवती आणि बस स्थानकांच्या आसपास साध्या खानावळी आहेत. बाकडी, स्टीलची ताटं, भिंतीवर देवाचं कॅलेंडर. सजावट बघून आत शिरायचं झालं तर इथे कुणी शिरणार नाही. चूल किंवा शेगडी दिसेल अशी जागा पकडावी, कारण इथला खरा ऐवज तव्यावर घडत असतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी कढत लागतं. बाई परातीत पीठ घेते, आळं करून पाणी ओतते, तळहाताच्या टाचेनं मळून मळून गोळा गुळगुळीत करते. मग कोरडं पीठ भुरभुरून थापायला लागते. भाकरी परातीत गोल गोल फिरत मोठी होते, कड कुठे फाटत नाही. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरतो, ते पाणी आटायच्या आत ती उलटते, आणि शेवटी थेट विस्तवावर टम्म फुगते. पापुद्रा सुटून आला तर भाकरी जमली. ताटात येईपर्यंत तिच्यातून वाफ निघत असते.

"ज्वारीची देऊ का बाजरीची?" हा इथला पहिला प्रश्न. जानेवारीत उत्तर बाजरीची, वर तीळ लावून. बरोबर मटण मागवलं तर आधी अळणी सूप येतं, मग सुकं आणि मग तर्री तरंगणारा काळ्या मसाल्याचा रस्सा. शाकाहारी पानात मटकीची उसळ, पिठलं किंवा डाळीची आमटी. पुण्याच्या सुनेनं नवऱ्याला "अरे, आधी चाखून बघ, मग ओत" म्हणून सावध करावं, तोवर वाढणाऱ्या काकू म्हणतातच, "दादा, भाकरी चुरा अन् वरून रस्सा घ्या, तुकडे मोडून काय होतंय." त्यांचं ऐकावं. चुरलेली भाकरी रस्सा पिऊन घेते, तिखटाची धार बोथट होते आणि मागे खोबऱ्याची, भाजलेल्या कांद्याची गोडसर चव उरते. ताटाच्या कडेचं लिंबू श्रीगोंद्याचं असण्याची शक्यता दाट, त्या तालुक्यात लिंबाच्या बागाच बागा आहेत. कांदा पारनेरचा किंवा घोडेगावच्या बाजारातला.

इथली शिपी आमटीही नगरकर अभिमानानं सांगतात. डाळींची, काळ्या मसाल्यातली, पातळ पण झणझणीत. हिवाळ्यात हुलग्याचे शेंगोळेही शोधावेत. हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून मळायचं, वळून त्याची वेटोळी करायची आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायची. पीठच रश्शाला दाटपणा आणतं. हा पदार्थ हॉटेलच्या पाटीवर सहसा सापडत नाही, हे नगरच्या हॉटेलवाल्यांनी मनावर घ्यायला हवं. राजस्थानात पाहुण्याला दालबाटी कौतुकानं वाढतात. नगरला येणाऱ्या पाहुण्याला शेंगोळे मिळावेत म्हणून ओळखीचं घर का शोधावं लागावं?

संध्याकाळ सावेडीत जाते. मनमाड रस्त्याच्या अंगानं वाढलेलं हे उपनगर, आणि प्रोफेसर कॉलनी चौक, प्रेमदान चौक ही तरुणांची ठिकाणं. वडापाव, पावभाजी, डोसे, हल्ली मोमो. सगळं चवदार, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात मिळेल असं. वेळ थोडा असेल तर त्यापेक्षा जुन्या गावात परतावं. झेंडीगेटच्या बाजूला कबाब-बिर्याणीची छोटी हॉटेलं आहेत आणि मिठाईत बन्सी महाराजांचं नाव गावात कुणालाही विचारता येतं. दुधाच्या जिल्ह्यात पेढा आणि रबडी न खाता झोपू नये.

दुसऱ्या दिवशी भिंगारच्या बाजूला जावं. छावणीचा हा भाग. औरंगजेबानं १७०७ मध्ये इथेच अखेरचा श्वास घेतला. आज ओळख आहे ती चिलखती दलाची आणि १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयाची. दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १९२५ मध्ये मौन धरलं ते इथेच, आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवल्यावर त्यांची समाधीही इथेच झाली. त्या तिथीसाठी जानेवारीअखेर देशोदेशीचे भक्त नगरला येऊ लागतात, आणि गावातल्या साध्या हॉटेलात पोह्यांच्या बशीसमोर कुणी परदेशी आजी बसलेली दिसली तर नगरकरांना त्याचं नवल वाटत नाही.

दुपारनंतरचा वेळ हुरड्याचा. ज्वारीचं कणीस दुधात भरून आलं, पण अजून टणक झालं नाही, अशा बेताचे मोजके आठवडे असतात आणि ते साधारण याच सुटीच्या आगेमागे येतात. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, कणसं निखाऱ्यात खोचतात आणि भाजली की गरमागरम तळहातावर चोळून दाणे मोकळे करतात. हात पोळतात, राख उडते, दाणे मात्र हिरवे, लुसलुशीत. सोबत लसणाची आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं. आता नगरच्या आसपास हुरडा पार्ट्यांची केंद्रंच निघाली आहेत. या जिल्ह्याचं हुरड्याशी नातं पुढे संशोधनातही गेलं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे खास हुरड्यासाठीचे ज्वारीचे वाण दिले, लाह्यांसाठी 'फुले पंचमी' दिला. कोरडवाहू शेतकऱ्याला ज्वारीचे दोन पैसे जास्त मिळायचे तर ती नुसती धान्य म्हणून विकून भागणार नाही, हे या वाणांमागचं गणित आहे. म्हणून हुरड्याच्या शेतात दिलेले पैसे जास्त वाटले तरी घासाघीस करू नये.

शिंगणापूरच्या रस्त्यावर दुतर्फा रसवंत्या लागतात. बैल गोल फिरतो, लाकडी चरक कुरकुरतो, उसाचं टिपरू आत जातं आणि रस भांड्यात टपटपतो. यंत्राच्या रसापेक्षा हा दाट. ऊस या जिल्ह्यात कालव्यांबरोबर फोफावला. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं, शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० च्या सुमारास त्याचं गाळप सुरू झालं आणि राज्यातल्या सहकारी साखर कारखानदारीचा पाया पडला. कोरडवाहू आणि बागायती अशी जिल्ह्याची दोन ताटं त्यातून तयार झाली. पुढे राहात्याला पेरूच्या पाट्या घेऊन बसलेले विक्रेते दिसतात. पेरू तिथेच कापून, तिखट-मीठ लावून घ्यावा.

आणि शिर्डीला जाणं झालंच तर साई संस्थानाच्या प्रसादालयात जेवावं. एका वेळी सुमारे साडेपाच हजार माणसं बसतील एवढी पंगत, आणि छतावर सूर्याची उष्णता गोळा करून वाफ तयार करणाऱ्या ७३ मोठ्या तबकड्या. २००९ पासून इथला बराचसा स्वयंपाक त्या वाफेवर होतो. वरण, भात, भाजी, पोळी, गोड. शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नाही, वाढपी पुढे सरकतो आणि पान भरत जातं.

तिसरा दिवस अकोल्याकडे काढणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा जिल्ह्याचा भाताचा मुलूख. इथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी भातापासून वालापर्यंतची गावरान बियाणी जपली आणि त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. भंडारदऱ्याच्या हॉटेलांत मात्र बहुतेक पाहुणे तंदुरीच मागतात. संगमनेर-अकोले पट्ट्याची मासवडी त्याहून कितीतरी मोलाची आहे. बेसनाच्या आवरणात तीळ, खोबरं, कांदा, लसणाचं सारण भरून तिला माशाचा आकार देतात, वड्या कापतात आणि काळ्या रश्शाबरोबर वाढतात. ती ऐनवेळी होत नाही. उतरणार असाल त्या घरी किंवा खानावळीत आदल्या रात्री फोन करून दोन ताटं सांगून ठेवावीत.