विष कुणाचं, हरितेचं की भाडेकरूचं?

लेखांक ६

श्रावणात अंबडच्या एमआयडीसीत एखाद्या जुन्या कंपाउंडच्या सावलीतल्या भिंतीवर हिरवी मखमल चढते. आपण तिला सरसकट शेवाळ म्हणतो. पण पाण्याच्या टाकीतलं बुळबुळीत शैवल वेगळं आणि ही वेगळी. हिला इवली पानं असतात, ही हरिता. ओल्या कातळाला चिकटून चपटे, दुभंगत जाणारे हिरवे पट्टे पसरलेले दिसले, तर बहुधा त्या यकृतका. आकार यकृतासारखा, म्हणून युरोपातले जुने वैद्य त्या यकृताच्या विकारांवर देत. तर्क भाबडाच.

तरी यकृतकांच्या पोटात खरोखर काहीतरी आहे. त्यांच्या पेशींमध्ये तेलाचे सूक्ष्म गोळे असतात, हरितांमध्ये ते नसतात. जपानच्या योशिनोरी आसाकावा यांनी कित्येक दशकं या वनस्पतींमधली रसायनं वेगळी काढली. मार्कँशिया या यकृतकेतलं ‘मार्कँटिन ए’ हे त्यातलंच एक. काचेच्या बशीत ते स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतं. बशीत! बातम्यांच्या मथळ्यांतून नेमका हाच शब्द गळतो.

पेशींची वाढ रोखायची तरी कशी? पेशी दुभंगताना आत अतिसूक्ष्म नळ्यांची परांची उभी राहते आणि काम झालं की उतरते. टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध ती उतरू देत नाही. मेटॅन्सिनच्या कुळातली विषं ती बांधूच देत नाहीत. दोन्हीकडून पेशी अडकते आणि मरते.

टॅक्सॉलचं नाव निघालं की आपल्या खानदेशचा माणूस आठवायलाच हवा. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल शोधलं. साल गोळा झाली १९६२ साली, रेणूची रचना प्रसिद्ध झाली १९७१ साली आणि औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९२ साली. सुरुवातीला बारा किलो सालीतून हाती लागलं जेमतेम अर्धा ग्रॅम. हे वृक्षाचं झालं. बोटभरही उंची नसलेल्या हरितेकडून किती निघणार?

पण खरी गंमत पुढेच आहे. १९८८ साली जपानी संशोधकांना हरितांमध्ये मेटॅन्सिनच्या कुळातली रसायनं सापडली. अॅन्सामायटोसिन हे त्याच कुळातलं. एक जिवाणू ते बनवतो, हे त्याआधीच माहीत होतं. मग हरितेतलं विष तिचं स्वतःचं, की तिच्या ओलाव्यात राहणाऱ्या एखाद्या सूक्ष्मजीवाचं? माझा कल भाडेकरूकडे आहे. नुसतं मेटॅन्सिन रुग्णांना सोसवलं नाही, इतकं ते जहाल. पुढे त्याच्याच एका भावंडाला प्रतिपिंडाला जोडून थेट कर्कपेशीपर्यंत पोचवण्याची युक्ती निघाली. स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगावरच्या या औषधाला, ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिनला, अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली. त्याचा कच्चा माल जिवाणू वाढवूनच मिळवतात. हरिता खरवडायला कुणी रानात जात नाही.

आपणही भिंत खरवडू नये. हरितेला खरी मुळं नसतात. पाऊस आणि धूळ जे आणेल ते ती अंगभर शोषते. म्हणूनच हवेतले जड धातू मोजायला युरोपात हरिता गोळा करतात. औद्योगिक वसाहतीतल्या भिंतीवरच्या हरितेचा काढा कुणी सुचवलाच, तर त्यात आणखी काय काय उतरेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

पुढच्या आठवड्यात वाणी-वॉल यांचाच दुसरा शोध, कॅम्प्टोथेसिन, आणि त्याच्यापायी कुऱ्हाडीखाली आलेली सह्याद्रीतली नरक्या ही वनस्पती.