उधळ्या पेशींचा हिशेब

ऑक्सिजन मुबलक असूनही कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, हे १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ऑटो वारबुर्ग यांनी दाखवले. व्यवहार आतबट्ट्याचा: ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे जेमतेम २ रेणू, पूर्ण ज्वलनात सुमारे ३०. मायटोकाँड्रिया बिघडल्यानेच हे घडते, हा वारबुर्ग यांचा हट्ट अखेरपर्यंत सुटला नाही. प्रत्यक्षात अनेक गाठींत त्या शाबूत असतात. पण भराभर दुभंगणाऱ्या पेशीला इंधनाइतकेच बांधकामाचे साहित्यही लागते. ग्लुकोजमधल्या कार्बनचा काही वाटा डीएनए, मेद, अमिनो आम्ले घडवण्याकडे वळतो. या हावरेपणामुळेच पेट स्कॅनमध्ये ग्लुकोजसारखी किरणोत्सारी साखर टोचली की गाठ उजळते. मेंदू मात्र मुळातच साखरेचा मोठा गिऱ्हाईक. त्यामुळे तिथली गाठ हेरणे अवघड जाते.