शिकारी कुत्र्याचं आयुष्य कुठे तुटतं?

भिंगारची छावणी मागे टाकून पाथर्डी रस्त्याला लागलं की ज्वारीची रानं आणि उघडे माळ सुरू होतात. नगरपासून सोलापूर, लातूरपर्यंत पसरलेला हा कोरडा पट्टा म्हणजे कारवानी कुत्र्याचा मुलूख. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि उंच पाय अशा बांध्याचं हे जनावर सशामागे सोडण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या पाळलं गेलं. राज्याच्या सीमेपलीकडचा मुधोळ हाउंड त्याच रक्ताचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पुढे सशाची शिकार हा गुन्हा ठरला. कुत्रं मात्र राहिलं, वस्तीच्या राखणीला आणि हौसेला. आज पिल्लू घेणारा हटकून विचारतो, ‘जातिवंत आहे ना?’ ते किती वर्षं जगेल, हे विचारणारा क्वचितच भेटतो. खरं तर या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आता विज्ञानाच्या हाती आहे.

आधी जमेची बाजू पाहू. प्राण्यांच्या जगात साधारणपणे हत्तीसारखे मोठे प्राणी जास्त जगतात आणि उंदरासारखे लहान लवकर मरतात. कुत्र्यांत हे उलटं आहे. २०१३ साली ७४ जातींच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की शरीराच्या दर दोन किलो वाढीव वजनामागे आयुष्य सुमारे एका महिन्यानं घटतं. मोठ्या जाती झपाट्यानं वाढतात आणि झपाट्यानं म्हाताऱ्या होतात. ब्रिटनमधल्या ५ लाख ८४ हजार कुत्र्यांच्या २०२४ सालच्या अभ्यासात सरासरी आयुष्य साडेबारा वर्षं निघालं. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचं ते ११.२ होतं, लांब तोंडाच्यांचं १२.१. खाण्याचाही वाटा मोठा. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर, जोड्या लावून, जन्मभर प्रयोग झाला. जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री १३ वर्षं जगली, बाकीची ११.२. कारवानी कुत्रं उंच असलं तरी अंगानं हलकं, तोंडानं लांब आणि सदा पळतं. म्हणजे बारा वर्षं जगण्याची शिदोरी घेऊनच ते जन्माला येतं. ती संपते बाहेरच्या कारणांनी, आणि अनेकदा पहिल्या सहा महिन्यांतच.

पश्चिम बंगालमध्ये मोकाट कुत्र्यांच्या ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांचा पाठपुरावा झाला. वयात येईपर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्लं उरली. पाळलेल्या पिल्लाची स्थिती यापेक्षा बरी असते, पण रोग दोघांचे सारखेच. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात अनिरुद्ध बेलसरे, अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी गावातल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं. पार्व्हो आणि डिस्टेम्पर या दोन्ही विषाणूंची प्रतिपिंडं दहापैकी नऊ मोठ्या कुत्र्यांत सापडली. हा आकडा वाचताना एक गोष्ट विसरू नये. प्रतिपिंडं सापडली ती आजारातून वाचलेल्यांत. रक्ताची हगवण लागून किंवा झटके येऊन जी पिल्लं गेली, ती या मोजणीत नाहीतच.

यावर लस आहे, तरी लस दिलेली पिल्लंही कधी कधी दगावतात. त्याचं कारण आईच्या दुधात आहे. पहिल्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिपिंडं मिळतात. ती विषाणूला अडवतात, तशी लशीलाही निकामी करतात. ती नेमकी कधी ओसरतील ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून, दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. ‘एक इंजेक्शन झालंय’ म्हणून थांबलेलं पिल्लू ऐन धोक्याच्या काळात उघडं पडतं.

यातून वाचलेल्याला गाठते गोचीड. ती एर्लिकिया आणि बबेसिया हे रोगजंतू रक्तात सोडते. कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. इथे शिकारी कुत्र्याची एक खास अडचण आहे. याच बांध्याच्या ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण ५० ते ६५ टक्के असतं, इतर कुत्र्यांत साधारण ३७ ते ५५. ज्या ग्रेहाउंडचा आकडा ३८ आला, तो नेहमीच्या तक्त्यात निरोगी दिसतो. प्रत्यक्षात त्याचं बरंच रक्त आटलेलं असतं. उलट त्याच्या प्लेटलेट मुळातच कमी असतात, त्यामुळे धडधाकट कुत्राही आजारी वाटू शकतो. काही भूलऔषधांचा अंमलही या बांध्याच्या कुत्र्यांत जास्त वेळ राहतो. म्हणून कुत्रं कोणत्या बांध्याचं आहे, हे दवाखान्यात आधी सांगितलेलं बरं.

तिसरा वैरी ऊन. अंगभर घाम येत नसल्यानं कुत्रं धापा टाकूनच गार होतं. सुसाट पळणाऱ्या कुत्र्याचे भरदार स्नायू एका दौडीत इतकी उष्णता निर्माण करतात, की शरीराचं तापमान ४१ अंशांच्या पुढे जाऊ शकतं. थंडीच्या पहाटे ते लवकर उतरतं. एप्रिलच्या दुपारी, नगरच्या चाळिशीतल्या पाऱ्यात, उतरत नाही आणि मग मेंदू, यकृत, मूत्रपिंड एकामागून एक थकतात.

याच जिल्ह्यात आणखी एक धोका रात्री फिरतो. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडला. वजनाच्या हिशेबानं बिबट्याच्या आहारात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्या-मेंढ्यांपेक्षाही जास्त. राखणीचं कुत्रं रात्री साखळीनं बांधून ठेवलं, की त्याच्या पायांतला वेग काही कामाचा राहत नाही. ऊस आणि बिबटे आहेत तिथे रात्री बंद पिंजरा हवाच.

शेवटी जातिवंतपणाचा मुद्दा. नामांकित नर एकच आणि त्याच्याकडे चार गावच्या माद्या, हे दोन-तीन पिढ्या चाललं की नात्यातच जोड्या लागतात आणि दडलेले दोष वर येतात. आजारी मादी वापरण्याचा धोका तर अमेरिकेनं पाहिला आहे. १९९९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका शिकारी क्लबच्या फॉक्सहाउंड कुत्र्यांत लेशमेनियाचा रोग आढळला. हा रोग एरवी वाळूमाशीतून पसरतो. इथे तो आईकडून पोटातल्या पिल्लांकडे जात राहिला.

तेव्हा पिल्लू घेताना बापाची ख्याती ऐकावी, पण आधी आई डोळ्यांनी पाहावी, तिच्या हिरड्या तपासाव्यात आणि आई-बापाचं आपसातलं नातं विचारावं. लशीचं कार्ड मागावं. पुढचे डोस आणि दरवर्षीची रेबीजची लस आपल्या खर्चात धरावी. पिल्लाला मोजलेल्या हजारांच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे. बारा वर्षांचं कुत्रं आणि सहा महिन्यांत गेलेलं पिल्लू यांतला फरक बहुतेक वेळा तेवढ्याच पैशांचा असतो.