गाऱ्हाणीं मोजावींत कीं तोलावींत?

शिंप्यानें शिवलेला अंगरखा कांखेंत दाटला, तर तें त्याला तोंडावर सांगतां येतें. संगणकाच्या प्रणालीचें तसें नाहीं. ती घडविणारे सातासमुद्रापलीकडे, वापरणारे कोट्यवधि, आणि उभयतांची गांठ सहसा पडावयाची नाहीं. अशा स्थितींत आपल्या घरांतील वडील मंडळींची अडचण त्या दूरस्थ कारागिरांपर्यंत पोंचते काय, व पोंचल्यास तिचें पुढें काय होतें, हा प्रश्न आतां घरोघरचा झाला आहे. या दृष्टीनें ‘मायक्रोसॉफ्ट’ या अमेरिकन कंपनीच्या इतिहासांतील दोन प्रसंग मननीय आहेत.

१९९५ सालीं ‘विंडोज ९५’ बरोबर पडद्याच्या कोपऱ्यांत ‘स्टार्ट’ हें बटण आलें. सतरा वर्षें लोकांचा हात त्यावर बसला. ऑक्टोबर २०१२ मध्यें निघालेल्या ‘विंडोज ८’ मधून तें नाहींसें झालें, आणि बोटानें स्पर्श करण्याजोग्या चौकटींनीं पडदा भरून गेला. लोकांनीं एकच ओरड केली. वर्षभरानें बटण परत आलें खरें, परंतु तें दाबलें असतां पुन्हां त्याच चौकटी! जुन्या वळणाची यादी जुलै २०१५ मध्यें ‘विंडोज १०’ बरोबर परतली. येथें गाऱ्हाणें पुष्कळांचें होतें, म्हणून उशिरां कां होईना, ऐकिलें गेलें.

दरम्यान २०१४ पासून कंपनीनें एक चांगला पायंडा पाडला. अपुरी प्रणाली स्वेच्छेनें वापरून पाहणाऱ्यांच्या हातीं ती आधींच द्यावयाची, व त्यांच्या तक्रारी नोंदून घ्यावयाच्या. खांब हलवून हलवून पक्का रोवावा, असा आपल्याकडील स्थूणानिखननन्याय तो हाच. एकाची तक्रार दुसऱ्यास पटली, तर तो तीस आपला दुजोरा देऊं शके.

आतां दुसरा प्रसंग पाहा. कागदपत्रें, छायाचित्रें इत्यादि ठेवण्याच्या कप्प्यांची जागा कांहीं लोक बदलून घेतात. अशा लोकांनीं २०१८ मध्यें तक्रार केली कीं, मूळ जागीं रिकामे कप्पे उगाच दिसतात. कंपनीनें ती ऐकून २ ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तींत ते काढून टाकण्याची योजना केली. परंतु कित्येकांच्या त्या जुन्या कप्प्यांत कागद शिल्लक होते. कप्प्यांबरोबर तेहि गेले! थोड्याच दिवसांत वितरण थांबवावें लागलें, आणि दुरुस्त आवृत्ति १३ नोव्हेंबरला निघाली.

याहून उद्बोधक गोष्ट पुढेंच आहे. कागद नाहींसे झाल्याच्या तक्रारी या आवृत्तीच्या वितरणापूर्वींच नोंदलेल्या होत्या! मात्र त्या मोजक्या. त्यांस दुजोरा देणारे थोडे. म्हणून त्या ढिगाखालीं राहिल्या. कंपनीच्या सांगण्याप्रमाणें कागद गेल्याची नोंद दहा हजारांत एकाचीच होती. पण ज्याचीं वर्षानुवर्षांचीं छायाचित्रें गेलीं, त्याला या प्रमाणाचें काय समाधान? कंपनीनें आपली ही उणीव उघडपणें मान्य केली, व तक्रारीबरोबर हानि किती गंभीर आहे हेंहि कळविण्याची सोय केली, हें तिला भूषणावह आहे.

दुजोरा मोजून पसंती कळते. दुखणें किती खोल आहे, हें कळत नाहीं. गैरसोय अनेकांची असते व सर्वनाश एखाद्याचाच असतो. एकत्र कुटुंबाचा संसार चालविणाऱ्यांस हें निराळें सांगावयास नको. भाजींत मीठ कमी पडलें, तर दहा मुखें बोलतात; माजघरांतल्या कोपऱ्यांतील म्हातारीला चार दिवस अन्न गेलें नाहीं, हें ती एकटीच हळूं आवाजांत सांगते. कर्ता पुरुष तोच, जो तें आधीं ऐकतो.

वाचकांनीं यांतून दोन गोष्टी ध्यानीं धराव्यात. प्रणालीची नवी आवृत्ति घेण्यापूर्वीं महत्त्वाच्या कागदांची एक प्रत अन्यत्र ठेवावी. आणि तक्रार करितांना नुसता संताप न लिहितां, काय करीत असतां काय घडलें व नुकसान किती झालें, तें नेमकेपणें लिहावें. दुसऱ्या कोणास तसा अनुभव आलेला नाहीं, म्हणून मात्र गप्प बसूं नये.