रिपोर्ट नॉर्मल, मग हगवण कशाची?

वस्तीत दहा-बारा घरांत एकदम उलट्या-जुलाब सुरू होतात. शौचाची तपासणी होते आणि कागद येतो, ‘काही दोष नाही’. मग कुजबुज सुरू होते, ‘यांची राहणीच घाण.’ आम्ही परिचारिकांनी हे किती वेळा ऐकले! त्या कागदाचा अर्थ तसा नसतोच. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली अमिबा, जंतांची अंडी दिसतात. कल्चरमध्ये जिवाणू वाढतात. विषाणू यात सापडत नाहीत. रोटाव्हायरसचे किट तरी मिळते; नोरो, सॅपो, अ‍ॅस्ट्रो यांचे नाव कोण घेतो?

नोरोव्हायरस शोधायला शास्त्रज्ञांनाही चार वर्षे लागली. १९६८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, नॉरवॉकच्या एका शाळेत साथ आली. जिवाणू काही सापडेना. १९७२ मध्ये अल्बर्ट कपिकियान यांनी शौचाच्या गाळलेल्या द्रवात बरे झालेल्या रुग्णाच्या रक्तातला सीरम मिसळला. त्यातल्या प्रतिपिंडांनी विषाणूंना धरून त्यांचे पुंजके केले, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते अखेर दिसले. चांदणीसारखा अ‍ॅस्ट्रोव्हायरस १९७५ चा. सॅपोचे नाव जपानच्या सप्पोरो शहरावरून पडले. तिथल्या बालगृहात १९७७ मध्ये साथ आली होती.

आता हे काम पीसीआर करते, कोरोनात झाली तीच तपासणी. पण नमुना नीट हवा, आणि घोडे इथेच अडते. आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतले पातळ शौच, स्वच्छ कोरड्या डबीत, औषध न घालता, बर्फाच्या पेटीतून गेले पाहिजे. एकाचे नको, पाच-सहा रुग्णांचे हवे. साथ दिसताच आशाताईंमार्फत आरोग्य केंद्राला कळवा आणि विषाणूंची तपासणी होणार का, हे विचारा. विचारायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

रिपोर्टची वाट पाहत उपचार मात्र थांबवू नका. एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी, लहान मुलांना चौदा दिवस झिंक, अंगावरचे दूध चालूच. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. उगाच मागू नका. मूल सुस्त झाले, लघवी बंद झाली, शौचात रक्त दिसले तर लगेच दवाखाना गाठा.

नोरोव्हायरसला सॅनिटायझर फारसा दबवत नाही, हात साबणानेच धुवा. बरे वाटल्यावरही तो शौचातून काही दिवस बाहेर पडतो. म्हणून विहारातल्या भोजनदानाच्या स्वयंपाकाला, जुलाब थांबून दोन दिवस उलटल्याशिवाय कुणी हात लावू नये.