टी-ट्रीचा वास आणि त्यातील औषध

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत तपकिरी काचेची एक लहान बाटली लवकरच येऊन पोहोचते. तिच्यावर ‘टी ट्री ऑइल’ असे लिहिलेले असते. मुरूम, कोंडा, नखांची बुरशी, पावसाळी बुटांमुळे होणाऱ्या चिखल्या या सर्वांवर एकच उपाय म्हणून ती एका घरातून दुसऱ्या घरात सुचवली जाते, आणि झाकण उघडताच येणारा उग्र वास हीच तिच्या गुणाची साक्ष मानली जाते. ही साक्ष तपासून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

हे तेल मेलाल्युका अल्टर्निफोलिया या झाडाच्या पानांचे. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनारपट्टीतील पाणथळ ओढ्यांकाठी ते वाढते. साल कागदासारखी सुटते आणि वसंत सरता सरता झाड पिंजलेल्या कापसासारख्या पांढऱ्या फुलांनी भरून जाते. नाव ‘टी ट्री’ असले तरी ते चहाच्या कुळातले नाही. त्याचे सगेसोयरे म्हणजे जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी. या कुळाच्या पानांत तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. पेरूचे पान चुरगळून हुंगलेल्यास हे वेगळे सांगावयास नको.

त्या प्रदेशातील मूलनिवासी बुंजालुंग लोक सर्दी-खोकल्यात ही पाने चुरगळून हुंगत, जखमांवर लावत. १९२०च्या दशकात सिडनीच्या टेक्नॉलॉजिकल म्यूझियममधील रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी तेलाची चाचणी घेतली. त्या काळी प्रचलित असलेल्या कार्बोलिक आम्लाहून ते सुमारे ११ पट प्रभावी ठरले. मोजमाप हे मोठेच काम. परंतु ज्यांनी झाड ओळखले त्यांचे ज्ञान ‘लोकसमजूत’ म्हणून एका ओळीत उरकायचे आणि शोधाचा मान मोजणाऱ्यालाच द्यायचा, ही रीत आपल्याला पुरेशी परिचित आहे.

पाने वाफेवर ऊर्ध्वपातित करून मिळणाऱ्या या तेलात सुमारे १०० बाष्पनशील घटक असतात. जंतुनाशाचे मुख्य काम टर्पिनेन-४-ऑल करतो. त्याचा रेणू स्निग्ध पदार्थांत सहज मिसळत असल्याने जंतूच्या पेशीपटलात शिरतो, पटल सैल होते, आतील पोटॅशियम बाहेर झिरपते आणि पेशीचे श्वसन मंदावते. स्यूडोमोनास हा जंतू मात्र बाह्य पटलाच्या आधाराने बराच तग धरतो. म्हणजे ‘सर्व जंतूंवर’ हा दावा पहिल्याच पायरीवर अडखळतो.

आता वासाकडे वळू. निलगिरीची आठवण करून देणारी झणझणीत छटा सिनिऑलची असते, टर्पिनेन-४-ऑलची नव्हे. २०१७च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार टर्पिनेन-४-ऑल किमान ३५ टक्के हवा आणि सिनिऑल १० टक्क्यांहून अधिक नको. उग्र वासाची बाटली निवडणारा ग्राहक कदाचित नेमकी उलटीच निवड करीत असेल. शिवाय हवा, प्रकाश आणि उष्णता यांमुळे तेलाचे ऑक्सिडीकरण होते. खिडकीत वर्षभर उघडझाप झालेल्या बाटलीचा वास टिकतो, पण तिच्यातील नव्या संयुगांनी त्वचेला ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो.

मग उपयोग कितपत? १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात मुरूम असलेल्या १२४ रुग्णांवर ५ टक्के टी-ट्री जेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोहोंनी गुण आला. टी-ट्रीला वेळ अधिक लागला, पण आग आणि कोरडेपणा कमी झाला. हा निष्कर्ष माफक आहे आणि म्हणूनच आम्हांला तो विश्वासार्ह वाटतो. लक्षात घ्यावे, ते ५ टक्के होते. आपल्याकडे निर्भेळ तेल थेट चेहऱ्यावर चोळण्याची घाई असते.

हे तेल पोटात कधीही घेऊ नये. गावाकडे निलगिरीचे दोन थेंब साखरेवर देणारी आजी आठवून कोणी मुलांना हे देऊ पाहील, तर थोड्याशा तेलानेही मूल गुंगीत जाऊ शकते, त्याचा तोल जाऊ शकतो. तसे घडल्यास ऑस्ट्रेलियात १३ ११ २६ या विषबाधा माहिती केंद्राच्या क्रमांकावर तात्काळ फोन करावा आणि उलटी करवू नये. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवावी आणि उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी.